इंडियन हेडला राहायचं की रिजायनातून ये-जा करायची?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. ऑफर कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या इंडियन हेडच्या वृद्धांच्या केअर होममधली, नर्सची आहे, गाव जेमतेम एकोणीसशे वस्तीचं, आणि मिस्टर म्हणतायत की प्रांताच्या राजधानीत, रिजायनात घर घेऊ, तिथे निदान आपली माणसं आहेत, रोज एका बाजूनं सत्तर किलोमीटर ये-जा करू. मी याच गावात राहते, शेतीच्या कामात आहे, मूळची तासगावकडची. माझं स्पष्ट मत सांगते, गावातच राहा. का ते कळायला थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण या गावाचा स्वभाव तिथूनच आलाय.

गाव वसलं 1882 मध्ये, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे इथवर आली तेव्हा. त्याच वर्षी मेजर विल्यम बेल नावाच्या माणसानं कंपनी काढून पन्नास हजार एकरांहून मोठं फार्म उभं केलं. त्याची गोल दगडी पागा जुने दगड वापरून परत बांधलीय, आलात की नक्की बघा. तर 1885 ला मेटी लोकांचा (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाचा) उठाव झाला, सरकारनं सैन्याची रसद वाहायला इथले घोडे, गाड्या, माणसं लावली आणि बरीच रानं पेरायचीच राहिली. पुढच्या वर्षी कडक दुष्काळ. आजूबाजूची पिकं जळाली, पण आदल्या वर्षी पडीक राहिलेल्या रानात गहू उभा, कारण जमिनीनं वर्षभराची ओल धरून ठेवलेली. तुम्ही सोलापूरच्या, कोरडवाहू रानात ओलीची किंमत काय असते ते तुम्हाला सांगायला नको. अँगस मॅके या शेतकऱ्यानं हे नीट हेरलं, पुढे सरकारनं इथे प्रायोगिक शेत काढलं त्याचे पहिले प्रमुख तेच झाले, आणि एक वर्ष पेरायचं, एक वर्ष रान मोकळं ठेवायचं ही पद्धत सगळ्या प्रेअरीभर, म्हणजे पश्चिम कॅनडाच्या सपाट गवताळ मुलखात गेली. मार्क्विस गहू, ज्यानं या प्रांताचं नशीब बदललं, त्याच्या पहिल्या मोठ्या चाचण्याही 1907 मध्ये इथेच झाल्या.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. मोकळी उघडी माती वाऱ्यानं उडायला लागली, 1930 च्या दशकात तर धुळीची वादळंच. वारा अडवायला झाडं लागतात, तर त्यांची सरकारी रोपवाटिका इथेच होती, 2013 मध्ये सरकारनं बंद करेपर्यंत तिथून साठ कोटींच्या वर रोपं शेतकऱ्यांना गेली. हायवेवरून येताना शेतांच्या कडेनं, घरांभोवती झाडांच्या सरळ रांगा दिसतील, त्यातल्या कितीतरी इथल्याच रोपांच्या. आणि मग इथलाच एक शेतकरी, जिम हॅलफर्ड, यानं न नांगरता थेट धसकटांत पेरणी करायचं यंत्र बनवलं. म्हणजे ज्या गावानं रान नांगरून मोकळं ठेवायला शिकवलं त्याच गावानं शंभर वर्षांनी नांगरू नका म्हणून शिकवलं! रान रिकामं ठेवण्याऐवजी आता बरेच जण मसूर, वाटाणा घेतात. भारतात येणारी कॅनडाची मसूर बहुतेक सगळी याच प्रांतातली असते, त्यामुळे 2017 च्या शेवटी भारतानं ड्युटी लावली तेव्हा इथल्या शेतकऱ्यांना त्याची झळ बसली. डाळीचा विषय काढलात की इथला कुठलाही शेतकरी तुमच्याशी अर्धा तास बोलेल.

दुसरी गोष्ट एकीची. 1901 ला पीक उदंड आलं पण रेल्वे शेतकऱ्यांना वॅगन देईना, एलिव्हेटरवाले, म्हणजे धान्य साठवून घेणारे कोठारवाले, सांगतील तो भाव. त्या डिसेंबरात इंडियन हेडलाच सभा झाली, डब्ल्यू. आर. मदरवेल पुढे होते, त्यातून धान्य उत्पादकांची संघटना झाली. शेजारच्या सिंटालुटाच्या स्टेशन एजंटवर त्यांनी केस केली आणि जिंकले. सहकाराच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे लगेच समजतं.

आणि एक बाजू ब्रोशरमध्ये नसते. ही जमीन 1874 च्या चौथ्या करारातली, म्हणजे सरकारनं मूळनिवासी लोकांशी केलेल्या करारातली. सायप्रस हिल्स या टेकड्यांच्या भागातून हलवलेल्या नाकोडा या मूळनिवासी लोकांची कॅरी द केटल वसाहत जवळच आहे, आणि लेब्रेट गावची निवासी शाळा, जिथे मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवत, ती 1884 ला सुरू झाली आणि पार 1998 ला बंद झाली. तुमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत त्या शाळेत वाढलेले असू शकतील. नर्स म्हणून हे माहीत असलेलं बरं, आधी वाचून या.

आता गाव आज कसं आहे. लोक बोलायला मोकळे पण लगेच घरात बोलावतील असं नाही, ते बघतात की तुम्ही येता का. बर्फाच्या रिंकवर, कर्लिंगला (बर्फावर दगड सरकवायचा खेळ), शरद ऋतूतल्या टर्कीच्या सामूहिक जेवणाला, भांडी घासायला. एकदा तुम्ही चार ठिकाणी दिसलात की तुमचा ड्राइव्हवेवरचा बर्फ कोण साफ करून गेलं ते शोधावं लागतं. रिजायनात राहून शिफ्टपुरतं यायचं तर यातलं काहीच मिळणार नाही. शिवाय हिवाळ्यात उणे तीस कॉमन आहे, ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं वादळ आलं की हायवे बंद होतो, आणि तुमची ड्युटी तर सकाळी सातची असू शकते. सरकारी बस 2017 ला बंद झाली, ग्रेहाउंड ही खासगी बस 2018 ला, त्यामुळे गाडी आणि लायसन्स दोघांचंही हवंच, आणि गाडीला ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवणारा) आहे ना बघा, रात्री प्लग लावून ठेवावा लागतो.

एकटेपणाचं खोटं सांगणार नाही. मराठी बोलायला गावात जवळपास कोणी नाही, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ हवं तर रिजायना, गणपतीलाही तिकडेच. ते शनिवारी जमतं. इथे घड्याळ वर्षभर बदलत नाही, त्यामुळे रात्री आठला फोन केला की सोलापुरात कायम सकाळचे साडेसात, आईची पूजा व्हायच्या आत बोलणं होतं.

मिस्टरांच्या कामाचं मात्र आधी बघा, खरी अडचण ती आहे. गावात जागा कमी निघतात, त्यांना रिजायनात नोकरी मिळाली तर ये-जा त्यांनी करावी, त्यांचं काम घरून होत असेल तर उत्तमच. भाड्याची घरंही मोजकीच असतात म्हणून ऑफर सही करायच्या आधी केअर होमलाच विचारा की राहायची सोय बघून देतील का. आणि जॉइनिंग जानेवारीचं देत असतील तर मे मागून बघा, पेरणी चालू असते, रात्री नऊपर्यंत उजेड, लोक बाहेर असतात, ओळखी पटकन होतात.