बाटली लवकर का संपते?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि त्यातील तीन पाने तुमच्या यजमानांविषयी आहेत. मध्यरात्री छातीत धडधडून जाग येते, हात थरथरतात, क्षुल्लक कारणाने रडू कोसळते, काहीतरी भयंकर घडणार असे सतत वाटत राहते, आणि हे सांगू लागले की यजमान ‘मनाचे खेळ’ म्हणून कूस बदलतात, अशी तुमची तक्रार आहे. थायरॉईडचा विषय तुम्ही एका ओळीत निकालात काढला आहे: 100 मायक्रोग्रॅमची गोळी अनेक वर्षे चालू आहे आणि मागच्या वर्षीचा टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाची रक्तातील पातळी) व्यवस्थित होता. मानसोपचारतज्ज्ञांनी चिंतेवर दिलेल्या औषधाचा फारसा गुण नाही, तेव्हा यजमानांना आता कसे समजवावे, असे तुम्ही विचारता.

मी मात्र तिसऱ्या पानावर अडले. ‘शंभर गोळ्यांची बाटली दोन महिन्यांत कशी संपते, यावरूनही ते टोमणे मारतात,’ असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्याच पानाच्या तळाशी, सहा किलो वजन उतरले हीच काय ती समाधानाची गोष्ट, असेही. रोज एक गोळी घेणाऱ्याला शंभर गोळ्या तीन महिन्यांहून अधिक पुरतात. घरात दुसरे कोणी त्या बाटलीला हात लावत नसेल, तर बहुतेक दिवशी तुम्ही दोन गोळ्या घेत आहात. यजमान बोलतात ते खोचक असेल, पण हिशेब त्यांचा बरोबर आहे.

या गोळीत टी4 आहे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी स्वतः तयार करते तेच संप्रेरक. ते गरजेपेक्षा जास्त झाले की हृदय अॅड्रेनॅलिनला अधिक तीव्र प्रतिसाद देऊ लागते, नाडी जलद चालते, घाम येतो, झोप तुटते. कोणतेही संकट समोर नसताना भीतीची सारी लक्षणे शरीरात उभी राहतात आणि मग मन त्यांचे कारण शोधू लागते. तुमच्या मनाला ते यजमानांच्या रूपाने सापडले आहे, इतकेच. हात पुढे पसरून बोटांवर एक कोरा कागद ठेवा आणि त्याच्या कडा पाहा. त्या बारीक थरथरत असतील, तळवे गार न पडता उबदार आणि ओलसर असतील, आणि शांत झोपेतही नाडी धावत असेल, तर संशयाचे बोट आधी संप्रेरकाकडे वळते. निव्वळ चिंतेत बहुधा तळवे गार असतात आणि झोप लागली की नाडी संथ होते. अर्थात घरातल्या या खुणांवर निदान होत नाही, त्यासाठी रक्ततपासणीच लागते.

आणि ती मागच्या वर्षीची चालणार नाही. तो अहवाल खोटा नव्हता, पण तो एका गोळीचा होता. ही औषधे 75, 88, 100, 112 मायक्रोग्रॅम अशा बारीक पायऱ्यांनी बनवतात, कारण टी4 दुपटीने बदलले तर टीएसएच साधारण शंभरपट बदलू शकते. जिथे डॉक्टर बारा मायक्रोग्रॅमचा विचार करतात, तिथे तुम्ही एकदम शंभर वाढवलेत! मला याचा राग आला आहे आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही. वजन उतरवण्यासाठी ही गोळी वापरू नये, मोठ्या मात्रेत ती जिवावर बेतू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेत तिच्या माहितीपत्रकावर छापणे बंधनकारक आहे. उतरलेल्या त्या सहा किलोंमध्ये केवळ चरबी नाही, स्नायूही आहेत. शिवाय हे असेच चालू राहिले तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचा ठोका अनियमित होऊ शकतो.

म्हणून यजमानांना काय सांगावे ते बाजूला ठेवा. या दोन-तीन दिवसांत थायरॉईडच्या डॉक्टरांकडे जा आणि रोज किती गोळ्या, कधीपासून, हे खरे आकडे सांगा. उद्यापासून लिहून दिलेली एकच गोळी घ्या. घाबरून ती पूर्ण बंद करू नका, आणि चिंतेचे औषधही स्वतःच्या मनाने सोडू नका. ज्या मानसोपचारतज्ज्ञांना तुम्ही ‘थायरॉईडची एक गोळी’ असे सांगितले असणार, त्यांनाही खरा आकडा कळवा. छातीत दुखले, दम लागला किंवा ठोके चुकू लागले, तर मात्र भेटीची वेळ घेत बसू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

टी4 शरीरातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे धडधड एका रात्रीत थांबणार नाही, आणि टीएसएच पूर्वपदावर येण्यास त्याहून अधिक वेळ घेते. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी होईल. तेव्हाही भीती उरली, तर तिच्यावर स्वतंत्र उपचार आहेत आणि ते अवश्य घ्या. वजनाचा प्रश्नही त्याच डॉक्टरांना विचारा. तो मनात ठेवून तुम्ही एकट्यानेच इतके दिवस चोरून गोळ्या घेत राहिलात, याचेच मला खरे वाईट वाटते.