१०९ वरचे ठिपके मारताना

मेसरश्मिट १०९ जी-६ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं १/४८ मापाचं मॉडेल घेतलंयस, तर आधी आरएलएम ७६ चा (जर्मन हवाई मंत्रालयाच्या रंगक्रमांकांतला निळसर राखाडी) फिकट थर नीट वाळू दे. ठिपक्यांसाठी आरएलएम ७४ (गडद हिरवट राखाडी) नेहमीपेक्षा बराच पातळ कर, एअरब्रशचा (हवेने रंग फवारणाऱ्या पेनचा) दाब १०-१२ पीएसआयवर आण आणि तो अगदी जवळ धर, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर. हवा सतत चालू ठेव, ट्रिगर फक्त केसभर मागे. रंगाला पाय फुटले (ठिपक्यातून कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरले) तर दाब जास्त झालाय किंवा रंग फारच पातळ आहे. मध्येच बंद पडून शिंतोडे उडाले तर सुईच्या टोकावर रंग वाळलाय, थिनरने पूस. (हे दर दोन मिनिटांनी करावं लागतं, वैतागू नकोस.) सराव प्लॅस्टिकच्या चमच्यांवर कर, कागदावर नको, कागद रंग शोषतो. एकसारखे गोल ठिपके आले तर विमान बिबट्या दिसेल. मूळ फोटोंत ते वेडेवाकडे, धूसर आणि विमानागणिक वेगळे दिसतात. फार गडद झाले तर वरून पातळ ७६ फिरव.