छेद, हर आणि डिनॉमिनेटर

प्रश्न : माझी मुलगी यंदा चौथीत जाईल. इंदुरातल्या एका कॅथलिक शाळेत तिला प्रवेश मिळाला आहे. सासूबाईंना धास्ती वाटते, की पोर उद्या जेवायच्या आधी हाताने छातीवर क्रूस काढायला लागेल. चौथी ते सहावीत तिथे नेमकं काय शिकवतात? आम्ही घरी मराठीच बोलतो, मग अभ्यास कसा घ्यायचा?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, अशाच एका शाळेत मी 31 वर्षं याच वर्गांना गणित शिकवलं. नोकरी लागली तेव्हा माझ्या आईनेही मला हेच विचारलं होतं, म्हणून आधी सासूबाईंशी बोलते.

सकाळी असेंब्लीत प्रार्थना होते. पण दहा आज्ञा, सात संस्कार, पहिल्या कम्युनियनची तयारी हे सगळं कॅटेकिझमच्या, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या तासाला, आणि तो तास आमच्याकडे फक्त कॅथलिक मुलांचा असे. बाकीची मुलं त्या वेळी मॉरल सायन्सला, म्हणजे नीतिशिक्षणाला बसत. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेला पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. माझ्या वर्गातली एक मराठी मुलगी डबा उघडताना क्रूस काढायची आणि लगेच आजीने शिकवलेला श्लोक म्हणायची. दोन्ही अगदी मनापासून. तिला मी कधी अडवलं नाही.

मॉरल सायन्सचा तास माझ्याकडे आला की सहावीच्या मुलांना मी सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननबद्दल सांगत असे. मूळच्या केरळच्या. आपल्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटल्या. 1995 च्या फेब्रुवारीत बसमध्ये त्यांचा खून झाला, आणि 2002 साली त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. वर्ग गप्प व्हायचा. 'मी नसती बांधली,' असं एकदा एक मुलगा म्हणाला, आणि पुढचा सगळा तास त्यावरच बोलण्यात गेला. हे धर्मांतर नव्हे, ताई.

बाकी विषय इतर शाळांसारखेच. सीबीएसई असेल तर पाचवीपर्यंत परिसर अभ्यास एकत्र असतो, सहावीत विज्ञान आणि सामाजिक शास्त्र वेगळं होतं, बहुधा संस्कृतही येतं.

काळजी करायचीच तर अपूर्णांकांची करा. चौथीत अर्धा, पाव, पाऊण. पाचवीत सममूल्य अपूर्णांक. सहावीत वेगवेगळ्या छेदांची बेरीज. इथे मुलं अडकतात, आणि आपली मराठी मुलं एका खास कारणाने अडकतात. सहावीतला एक हुशार मुलगा 1/2 आणि 1/3 ची बेरीज 2/5 लिहून आला. वरचं वर मिळवलं, खालचं खाली. मी विचारलं, 'घरी कोणी सांगितलं नाही?' म्हणाला, 'बाबा म्हणाले, छेद सारखे कर. पण टीचर, इसमें छेद कहाँ है?' हिंदीत छेद म्हणजे भोक! शाळेत तो डिनॉमिनेटर ऐकायचा, शिकवणीत 'हर', घरी छेद. एकाच आकड्याला तीन नावं, आणि तो एकच आकडा आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. लसावि आणि एलसीएमचंही तसंच. पोराची बुद्धी कमी आहे असं घरच्यांना वाटत होतं, याचं मला फार वाईट वाटलं. सांगितल्यावर दोन दिवसांत तो बरोबर गणितं करू लागला.

म्हणून घरी मराठी बंद करू नका. 'मुलीशी इंग्रजीत बोला' असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, तो मानू नका. निबंधसुद्धा तिला आधी मराठीत तोंडी सांगू द्या. काय म्हणायचं ते मनात असलं की इंग्रजी वाक्यं सुचतात.

आणि सासूबाईंना या अभ्यासात घ्या. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्धा, पाऊणचे जुने पाढे येत असतील, तर आठाची पाऊणपट विचारा, क्षणात सहा म्हणतील. मग मुलीला आठ पोळ्या मोजायला लावा, त्यांचे चार सारखे वाटे करून तीन वाटे उचलू द्या, आणि वहीत 3/4 लिहायला सांगा. खालच्या चारापाशी छेद, हर, डिनॉमिनेटर ही तिन्ही नावं तिच्याच हाताने लिहून घ्या.