१२३ आणि १२४ शोधू नका, आणि खोका इतक्यात पाठवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. वडिलांच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सची, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या जुन्या चित्रकथा मालिकेची, चळत निघाली. परगावच्या खरेदीदाराने फोनवरच निकाल दिला की १२३ आणि १२४ नाहीत म्हणजे संच अपुरा, पुढच्या अंकांवर आकडे पुन्हा लहान झालेत म्हणजे ते फेरछपाईचे, सबब निम्मी किंमत. वर म्हणतोय, सगळं पार्सल करा, बघून सांगतो. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. शेवटच्या वाक्यातलं पार्सल मला सगळ्यात महाग पडलं, त्याच्याकडे येतोच.

आधी १२३ आणि १२४. हे अंक हरवलेले नाहीत, ते कधी निघालेच नाहीत. त्या सुमारास टाइम्स ऑफ इंडियात संप होता आणि दोन अंक छापले गेले नाहीत. क्रमांक मात्र १२२ वरून थेट १२५ वर गेला. मार्च १९६४ ते १९९० या काळात सलग मोजलं तर क्रमांक ८०५ पर्यंत पोचतात आणि प्रत्यक्ष अंक ८०३ भरतात, ते याच कारणाने. जो माणूस जुने अंक विकत घेण्याचा धंदा करतो त्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला ठाऊक नसेल या भरवशावर तो बोलतोय. त्याला एवढंच विचारा, 'तुमच्याकडे १२३ आहे का? मुखपृष्ठाचा फोटो पाठवा.' मी विचारलं होतं. पुढच्या वाक्यात भाव बदलला.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. ४४३ पर्यंत सलग क्रमांक चालले, त्यानंतर पद्धत बदलली आणि खंड २०, अंक १ असे आकडे सुरू झाले. ते ना फेरछपाईचे ना बनावट. खंडाच्या आकड्यात १९६३ मिळवा, वर्ष निघतं. खंड २० म्हणजे १९८३, खंड २७ म्हणजे १९९०, आणि तिथेच इंद्रजाल थांबलं. तुमच्या ट्रंकेतले अंक या हिशोबाने लावलेत की वडील कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत नियमाने घेत होते ते तुम्हालाच दिसेल. अंक आधी मासिक होते, मग पाक्षिक, मग साप्ताहिक. म्हणून शेवटच्या वर्षांची चळत जाड आणि पहिल्या वर्षांची पातळ असणार. पातळ दिसली म्हणून अंक गहाळ झाले असं समजू नका.

आता ज्या बारकाव्यांसाठी मी हे अंक जमवतो ते सांगतो, कारण खरेदीदार याच गोष्टींवर बोट ठेवून 'छपाईत गडबड आहे' म्हणेल.

मूळ इंग्रजी वेताळकथा (तिकडे नाव 'फँटम') वाचलेला कुणी तुमचा अंक चाळेल तर त्याला नावं चुकल्यासारखी वाटतील. मूळ लेखक ली फॉकने वेताळाची चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू केली तेव्हा ते जंगल आपल्याच बाजूच्या पूर्वेकडे कुठेतरी होतं. आफ्रिकेत ते पुढे सरकलं. त्यामुळे मूळ कथेत देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं, चाचे 'सिंग' आणि वेताळाच्या वडिलांना मारणारा खलनायक चक्क 'रामा'. भारतात छापायचं तर हे चालणार नव्हतं. म्हणून इंद्रजालमध्ये बंगाला झालं डेंकाली, सिंग झाले सिंगा आणि रामा झाला रामालू. हे बदल मुद्दाम, विचार करून केलेले आहेत. परदेशी संग्राहक याच अंकांच्या मागे लागतात तेही यासाठीच, कारण हे रूप जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तसंच चौकटींचं. मूळ ऐवज वर्तमानपत्रातल्या रोजच्या पट्ट्यांचा. रोजच्या पट्टीत पहिली चौकट बऱ्याचदा कालची आठवण करून देते. पुस्तकाच्या पानावर त्या चौकटी गाळल्या, काही कापल्या, काही रेखाटून वाढवल्या. संवाद मध्येच उडी मारतो असं वाटलं तर पान फाटलंय असं समजण्याआधी पानांचे क्रमांक बघा. बहुतेकदा पान शाबूत असतं, संपादकाची कात्री चाललेली असते. माझं मत विचाराल तर ही कात्री काही ठिकाणी फार निष्ठुर चालली आहे आणि चांगल्या चित्रकाराचं काम वाया गेलं आहे. पण तो वेगळा विषय.

पोशाखाच्या रंगावरूनही वाद घालतील. फॉकच्या मनात तो राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा छापताना जांभळा झाला आणि जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत लाल. रंगावरून अंक खरा की खोटा हे ठरत नाही.

किंमत खरोखर कशावर ठरते? माझ्या मते मलपृष्ठावर. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवलेली आहेत, आणि मागच्या बाजूला भिंतीवर लावता येईल असं पूर्ण पानभर चित्र असे. मुलांनी ते कापून भिंतीवर लावलं. त्यामुळे पुढून सुंदर दिसणारा अंक उलटा केला की मागे नुसती कडा उरलेली, असं फार वेळा होतं. तुमच्या फोटोंत सगळी मुखपृष्ठंच आहेत. अंक उलटे करून बघा. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे, त्यानंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे परदेशी चित्रकथांतली नायक मंडळी आली. त्या ३२ पैकी एकही अंक मलपृष्ठासकट असेल तर तो वेगळा काढा आणि फोनवर त्याबद्दल कुणाशी बोलू नका. १९७६ मधला बहादूरचा पहिला अंक असेल तर तोही. आबिद सुरतींची निर्मिती, गोविंद ब्राह्मणियांची चित्रं, आणि या मालिकेतला आपल्या मातीतला नायक. मॅन्ड्रेकचा साधा अंक आणि हा अंक एकाच भावाने मोजणाऱ्याला अंक देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आता पार्सल.

मी एका जाणकार संग्राहकाकडे अंक पाठवत होतो. माणूस सज्जन, व्यवहार आधीच ठरलेला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. ज्या कुरिअर कंपनीच्या काउंटरवर गेलो तिथे मालाचं वर्णन सांगितलं, ठरलेली रक्कम सांगितली आणि विमा उतरवायचाय असंही सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, 'बिल आहे का?' साठच्या दशकात कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून घेतलेल्या अंकाचं बिल कुणाकडे असतं? मग त्याने स्वतःच पावतीवर लिहिलं 'जुनी पुस्तकं', किमतीच्या रकान्यात रेघ मारली आणि म्हणाला की बिल नसेल तर सिस्टीम रक्कम घेत नाही, काळजी करू नका, माल पोचतो.

माल पोचला, पण भिजून. खोक्याची एक बाजू वाटेत कुठेतरी पाण्यात उभी राहिली होती. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांना सांगतो, आतला कागद वर्तमानपत्राचा, तो वाळतो, फुगतो, पण निदान सुटा होतो. मुखपृष्ठाचा कागद गुळगुळीत. तो भिजला की वरच्या अंकाचं मलपृष्ठ खालच्या अंकाच्या मुखपृष्ठाला चिकटतं आणि वाळल्यावर सोडवायला गेलं की दोन्हीकडची शाई सोलून निघते. एका अंकावर वेताळाचा अर्धा चेहरा आणि उरलेला अर्धा दुसऱ्या अंकाच्या पाठीवर, असे अंक त्या माणसाने मला फोटोत दाखवले. नंतर पिनांचा गंज मधल्या पानांत उतरला.

तक्रार केली. विभागीय कार्यालयात पाठवलं, तिथून पुन्हा काउंटरवर, मग ईमेल करा, मग ईमेलला आपोआप येणारं उत्तर. शेवटी ज्या साहेबांशी गाठ पडली त्यांनी भिजलेल्या अंकांचे फोटो मागवले. मला वाटलं, चला, कुणीतरी बघतंय. त्यांनी फोटोंतून प्रत्येक अंकावरची छापील किंमत वाचली, कुठे पैशांत, कुठे रुपयांत, कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि तेवढी भरपाई मंजूर केली. त्या रकमेत खोका आणि बबल रॅपसुद्धा येत नव्हतं. मी विचारलं की सोन्याच्या जुन्या दागिन्याची भरपाई तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीच्या भावाने देता का? त्यांचं म्हणणं, दागिन्यावर किंमत छापलेली नसते. यावर काय बोलणार. मी ती रक्कम घेतली नाही.

अजूनही राग येतो, आणि तो पैशांपेक्षा त्या बेरजेचा येतो. कारण ते अंक पुन्हा छापले जाणार नाहीत. मराठी अंक मुळात कमी जपले गेले. इंग्रजी अंक कपाटात राहिले, मराठी अंक वाड्यावस्तीवर हातोहात फिरून रद्दीत गेले. जे उरलेत ते तुमच्यासारख्यांच्या ट्रंकेत.

म्हणून सांगतो. खोका पाठवण्याआधी प्रत्येक अंकाचे चार फोटो काढा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, क्रमांक आणि तारीख दिसेल असा एक, आणि मधल्या पानावर पिना दिसतील असा एक. खरेदीदाराकडून अंकांची यादी आणि ठरलेली रक्कम ईमेलवर लेखी घ्या, आणि तोच कागद काउंटरवर किमतीचा पुरावा म्हणून द्या. किमतीच्या रकान्यात रेघ मारू देऊ नका. मारली तर पार्सल परत घ्या आणि दुसरीकडे जा. पावतीच्या मागे बारीक अक्षरात कंपनीच्या जबाबदारीची कमाल मर्यादा छापलेली असते, ती तिथेच उभं राहून वाचा. मी वकील नाही, ग्राहक आयोगात काय टिकेल आणि काय नाही हे जाणकाराला विचारा. पण लेखी रक्कम हातात असती तर माझं प्रकरण निदान उभं राहिलं असतं, असं मला एका वकिलानेच सांगितलं. आणि खरं विचाराल तर पाठवूच नका. ज्याला खरोखर हवेत तो येतो. टेबलावर अंक मांडून, पानं उलटून, समोरासमोर व्यवहार करतो. 'आधी पाठवा, मग भाव सांगतो' म्हणणाऱ्याला मी एकही अंक दाखवत नाही.

तुमच्या फोटोत कोपऱ्यात अमर चित्र कथेचेही काही अंक दिसले. त्याबद्दल थोडं, कारण तिथे उलट फसवणूक होते, नंतरचा अंक पहिला म्हणून गळ्यात मारतात. ही मालिका अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केली. त्याआधी ते टाइम्समध्येच होते आणि इंद्रजालच्या सुरुवातीशी त्यांचा संबंध होता. 'कृष्ण' हा पहिला म्हणून ओळखला जाणारा अंक, चित्रं राम वाईरकरांची. पण त्याचा क्रमांक १ नाही, ११ आहे, कारण पहिले दहा क्रमांक कन्नडमध्ये निघालेल्या सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथांना गेले होते. नव्वदच्या दशकात मालिका पुन्हा काढली तेव्हा क्रमांक ५०१ पासून सुरू केले. म्हणजे 'कृष्ण' वर ५०१ दिसला तर तो जुना नाही, हे सोपं. अवघड आहे ते ११ क्रमांकाच्या अनेक छपायांमधला फरक ओळखणं. त्यासाठी आतल्या बाजूला छापलेली शीर्षकांची यादी बघा. ११ नंबरच्या अंकात शंभराव्या अंकापर्यंतची यादी असेल तर तो पहिल्या छपाईचा असूच शकत नाही. टिंकल या मुलांच्या मासिकाची जाहिरात असेल तर १९८० नंतरचा, कारण टिंकलच १९८० मध्ये निघालं. एवढं दोन मिनिटांत कळतं, आणि तरी लोक 'दुर्मीळ पहिली आवृत्ती' म्हणून काहीही विकत घेतात. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी चितारलेले अंक असतील तर मी तरी ते विकणार नाही. घोड्याची आणि युद्धाची चित्रं तशी कुणी काढली नाहीत. हे माझं वैयक्तिक वेड, व्यवहाराचा सल्ला नव्हे.

जपणुकीचं थोडक्यात: लॅमिनेशन नको, सेलोटेप अजिबात नको, बाइंडिंगवाल्याकडे तर नकोच, तो कडा कापतो. डांबराच्या गोळ्यांचा वास कागदातून जात नाही. पॉलिप्रोपिलीनच्या पिशव्या, पाठीला पुठ्ठा, अंक आडवे, जमिनीपासून वर. पिना गंजल्या असतील तर ओढून काढू नका. कोकणातलं घर असेल तर पावसाळ्याआधी ती ट्रंक हलवाच, लोखंड आतून घाम धरतं आणि कसर तळापासून लागते.

आज एवढं करा: पहिल्या ३२ पैकी जे अंक आहेत त्यांच्या मलपृष्ठांचे फोटो इथे टाका. क्रमांक झाकून टाकलेत तरी चालेल. मी आणि इथले आणखी दोघे-तिघे बघून सांगू. त्या खरेदीदाराला तोपर्यंत 'घरच्यांना विचारतो' एवढंच कळवा.