जमावातल्या एकट्याचा जामीन

प्रश्न : गावच्या भांडणात दगडफेक झाली, दोघांची डोकी फुटली. फिर्यादीत सहा नावं आणि पुढे ‘इतर 30 ते 40 जण’. त्या ‘इतरां’त माझ्या पुतण्याला धरलंय. दंगल आणि खुनाचा प्रयत्न, अशी कलमं लावलीत. खानापूर कोर्टानं जामीन नाकारला. आता काय करायचं? जामीनदार म्हणून चंदगडचे पाहुणे चालतील का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : या नकारानं खचू नका. खुनाच्या प्रयत्नात कुणी जखमी झालं असेल, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते (भारतीय न्याय संहिता, कलम 109). अशा गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांचे हात बरेचसे बांधलेले असतात. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा, हे ठरवणारा कायदा) कलम 483 खाली बेळगावच्या सत्र न्यायालयात अर्ज करा. तिथंही नाही झालं, तर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहे.

खरी अडचण न्याय संहितेच्या कलम 190 ची. पाच किंवा जास्त जणांचा बेकायदा जमाव असला, की समान उद्देशापायी एकानं केलेलं सगळ्यांच्या अंगावर येतं. सरकारी वकील त्यावरच जोर देतात. म्हणून अर्जात ‘पोरगा निर्दोष आहे’ एवढं लिहून भागत नाही. फिर्याद, रिमांड अर्ज (कोठडी मागणारा पोलिसांचा अर्ज), जखमींचे जबाब आणि वूंड सर्टिफिकेट (जखमांचा डॉक्टरी दाखला) वकिलांबरोबर ओळ न ओळ वाचा. कागद कन्नडमध्ये असतील तर कन्नड नीट जाणणारा माणूस सोबत घ्या. ‘मारलं’ आणि ‘तिथं होता’ यातला फरक तिथंच सापडतो. पुतण्याच्या हातात कुणी काय पाहिलं? त्याचं नाव पहिल्याच दिवशी आलं, की आठवड्यानं? त्याच्याकडून काय जप्त झालं? नुसता बघ्या जमावाचा घटक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1976 मध्येच सांगितलंय. तो त्या वेळी दुसरीकडे असेल, तर तिथलं सीसीटीव्ही चित्रण आजच मागा. काही दिवसांत ते पुसलं जातं.

बसची काच फुटली असेल आणि सार्वजनिक मालमत्तेचा 1984 चा कायदा लागला असेल, तर सरकारी पक्षाला विरोधाची संधी दिल्याशिवाय जामीन होत नाही. त्यात एखादी तारीख जाते.

खुनाच्या प्रयत्नाच्या या कलमात आरोपपत्राची मुदत 90 दिवसांची, पहिल्या रिमांडचा दिवस धरून. ती आरोपपत्राविना उलटली तर जामीन मिळणं हा हक्क होतो; 91 व्या दिवशी सकाळीच अर्ज द्या. आरोपपत्र आधी पोचलं, की तो हक्क गेला.

चंदगडचे पाहुणे? परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा मोतीराम निकाल आहे. तरी पडताळणीत वेळ जातो, म्हणून जमिनीचा उतारा असलेला एक स्थानिक माणूसही तयार ठेवा.

सुटल्यावर समजूत घालायला कुणीही जखमींच्या दारात जाऊ नये. तो दबाव ठरतो आणि जामीन रद्द होऊ शकतो.