दोन वर्षं रोज पित्ताची गोळी चालू आहे, सोडली की छाती पेटते. गोळीची सवय लागली का?

तुम्ही लिहिलंय की रोज नाश्त्यानंतर पॅन्टोप्राझोल घेता आणि चार दिवस सोडली की आधीपेक्षा जास्त जळजळ होते. माझं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, लातूरच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम आहे. त्यामुळे स्वतःचा अनुभव आणि डॉक्टरांनी समजावलेलं, एवढंच सांगतो.

सोयाबीनच्या हंगामात आमचं जेवण रात्री अकराला. दिवसभरात दहा-बारा चहा, रात्री ठेचा-भाकरी, हात धुतले की आडवं. घशाशी आंबट पाणी यायचं. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न मागता गोळ्या दिल्या आणि मी तीन वर्षं खाल्ल्या.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधी घेता?"
म्हटलं, "जेवल्यावर, जळजळलं की."
"मग उपयोग काय होणार?"

जठरात आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. जेवायला बसलं की ते चालू होतात, आणि ही गोळी चालू झालेलेच पंप बंद करते. गोळी रक्तात टिकते थोडेच तास. म्हणून ती उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी. मला ते मोंढ्याच्या हिशेबानं पटलं: सौदा निघायच्या आधी माल आलेला पाहिजे, सौदा उरकल्यावर गाडी आणून काय करता? शिवाय पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. आत्ता पेटलेल्या जळजळीला ही गोळी नाही, त्याला पातळ अँटासिड. (आपण याला पित्त म्हणतो खरं, पण पित्त यकृतात तयार होतं, हे जठरातलं आम्ल.)

आता सवयीचं. ही नशेसारखी सवय नाही. बरेच महिने पंप दाबून ठेवले आणि गोळी एकदम सोडली, की काही आठवडे आम्ल उलट जास्त सुटतं. आपल्याला वाटतं आजार परत आला. मला डॉक्टरांनी 40 वरून 20 मिलिग्रॅमवर आणलं, मग एक दिवसाआड, मग बंद. मधल्या जळजळीला पातळ औषध. ते पंधरा दिवस वाईट गेले, खोटं कशाला सांगू.

पण मनानं सोडू नका. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी किंवा गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकसारखं काही चालू असेल, तर ही गोळी पोट सांभाळायलाच दिलेली असू शकते. गिळताना अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी असेल तर गोळी कमी करायचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करा. छातीत दाब येऊन घाम फुटला, हात-जबडा दुखला तर ते पित्त समजून बसूच नका, थेट दवाखाना.

पाकिटावर नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' आहे का तेही बघा. असेल तर सोबत डॉम्पेरिडोन आहे. त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. 2014 साली युरोपच्या औषध नियामकांनी ते साधारण आठवड्यापलीकडे देऊ नये असं सांगितलं. आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं खातात. मीही खाल्लं. आणि बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्या; शाकाहारात ते कमी मिळतं आणि ही गोळी लांबली की अंगी कमी लागतं. आमचं घर माळकरी, त्यात तीन वर्षं गोळी, माझं तळाला गेलेलं निघालं.

बाकी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. बायको आठवडाभर हसत होती. ठेचा पूर्ण सुटला नाही, गेल्या हंगामात दोनदा पातळ औषध घ्यावं लागलं. डबा मात्र आता साडेआठला आडतीवरच येतो.