शॅडोज म्हणजे सावल्या नव्हेत

प्रश्न असा आला आहे : ‘निसर्गदृश्यांचे फोटो लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कसे सुधारावेत, यावर मी मराठीत लिहितो आहे. टोनला रंगछटा आणि शॅडोजला सावल्या म्हटलं तर चालेल का?’

माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. रंगछटा म्हटलं की पोपटी, हिरवट, निळसर असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. टोन म्हणजे मात्र फोटोत कुठे किती उजेड आहे ते. फोटो कृष्णधवल केला की रंगछटा जातात, टोन राहतातच.

‘सावल्या’ने जास्त घोटाळा होतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी कडा स्वतःच्याच सावलीत असतो आणि पलीकडचं आभाळ लख्ख. शॅडोजचा स्लायडर उजवीकडे सरकवला की अंधारातले कातळाचे थर दिसू लागतात. इथे ‘सावल्या’ हा शब्द खपून जातो. पण गडाच्या पायथ्याशी भर उन्हात उभी असलेली म्हैस घ्या. तिच्यावर कसलीच सावली नाही, तरी त्याच स्लायडरने तीही उजळते. उलट झाडाच्या सावलीत बसलेल्या बगळ्यावर पुष्कळदा फारसा परिणाम होत नाही. सावली कुठे पडली आहे हे तो स्लायडर बघत नाही; कुठला भाग किती काळोखा आहे, एवढंच बघतो. म्हणून शॅडोजला ‘गडद भाग’ आणि हायलाइट्सना ‘उजळ भाग’ म्हणा. साधे शब्द आहेत आणि चुकत नाहीत.

दोन्ही टोकांसाठी मात्र मराठीत फार नेमके शब्द तयारच आहेत, आणि ते कुणी वापरत नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. नेहमीच्या आठ बिटच्या फोटोत (जेपेग फाइल असते तो) लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाचा उजेड 0 ते 255 असा मोजतात; 0 म्हणजे पूर्ण काळोख, 255 म्हणजे पूर्ण उजेड. ढगाचा एखादा भाग तिन्ही रंगांत 255 ला टेकला, की त्यातले पदर, घड्या, कडा सगळं गेलं. अशा जेपेगमध्ये हायलाइट्स कितीही खाली ओढा, पांढऱ्याच्या जागी सपाट राखाडी येते, ढग काही परत येत नाही. (रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ कच्ची नोंद, असेल तर थोडंफार हाती लागतं.) याला मराठीत ‘पांढराफटक’ म्हणावं. भीतीने चेहरा पांढराफटक पडतो तेव्हा त्यातलं रक्त उतरलेलं असतं. इथे तपशील उतरलेला असतो. धुतलेलं धोतर मात्र पांढरंशुभ्र. त्याची चूण न् चूण दिसते.

काळ्याचंही तसंच. केस काळेभोर असतात, कारण त्यांना चमक असते. काळाकुट्ट म्हणजे ज्यात काहीच दिसत नाही असा.

तेव्हा लेखात बेलाशक लिहा : ‘ढग पांढरेशुभ्र राहू द्या, पांढरेफटक होऊ देऊ नका, कातळ काळाभोर दिसावा, काळाकुट्ट नको.’ मराठी वाचणाऱ्याला स्लायडर कुठे थांबवायचा ते एवढ्यावरून कळेल.

राहिला टोन. चित्रकलेच्या वर्गातही टोनच म्हणतात, तेव्हा नाम म्हणून तो तसाच ठेवा. ‘टोन अ‍ॅडजस्ट करणे’ लिहिण्याची वेळ आली, तर ‘छायाप्रकाश जुळवणे’ लिहा.